औषधाचं भांडं

खाटकीणबाईंचा हात आधी चालायचा, तोंड मागून. इस्पितळात प्रयोगशाळेचा माणूस सकाळी लघवीचं भांडं मागायला आला, तेव्हा त्याच्या कानाखाली जाळ निघाला आणि मगच बाईंनी विचारलं, "माझ्या लेकाचं मूत हवंय? लोणचं घालतोस की काय मेल्या?"

लेकाच्या हाताला दुकानातलाच सुरा लागला होता. जखम सडली, विष दंडापर्यंत चढलं, अंगाची भट्टी झाली. डॉक्टर हात तोडणारच होते. तेवढ्यात बुरशीतून काढलेलं कसलंसं नवं औषध त्यांनी टोचलं आणि पोरानं डोळे उघडून पाणी मागितलं. पण लेकाची घाण परक्यानं उचलायची नाही, हा बाईंचा हेका. रात्रीचं सगळं मोरीत ओतून त्यांनी भांडं लख्ख घासून ठेवलं होतं.

गाल चोळत तो माणूस म्हणाला, "मावशी, टोचलेलं औषध लघवीतूनच बाहेर पडतं. ते गाळून आम्ही पुन्हा टोचतो. आमच्याकडे दुसरा थेंब नाही. मोरीला ताप आला असेल तर उतरेल आता."

संध्याकाळी ताप पुन्हा भडकला. डॉक्टरांनी करवत उकळायला टाकली.

शेजारच्या खाटेवरच्या गवंड्यालाही तेच औषध चालू होतं, त्याच्याच लघवीतून गाळलेलं. त्याची बायको भांडं मांडीशी धरून बसलेली. बाईंनी झडप घातली. ती मनगटाला कडकडून चावली. बाईंनी तिला केसांना धरून खाटेच्या लोखंडावर आपटलं. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं, तेव्हा कुठे दात सुटले.

"तुझं तू ओतलंस, भवाने!" ती किंचाळली. "आता माझा नवरा मारतेस?"

भांडं बाईंच्या हातात होतं. गवंडी पडल्या पडल्या बघत होता. ओरडायचंही त्राण नव्हतं त्याच्यात. सुरीखालचं जनावर असंच बघतं, हे बाईंना रोजचं ठाऊक.

त्यांनी भांडं दाणकन तिच्यापुढे ठेवलं. "घे, सटवे. मी जनावरं कापते, माणसं नाही."

मग लेकाच्या खाटेशी जाऊन त्यांनी चावल्या हातानंच त्याचा खांदा दाबून धरला.

"आई, नको गं!"

"गप. एका हाताचा असलास तरी माझाच." त्या डॉक्टरांवर खेकसल्या, "बघता काय? चालवा करवत!"