टँकरचे शेअर आणि धोंडी

हे सांगितलं तर तुम्ही मला खोटारडा म्हणाल, ठाऊक आहे मला. म्हणा. पण पाऊस येऊ नये म्हणून थाळ्या बडवणारं गाव मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते आपलं निलंगाच.

लातूर जिल्हा नवाच झाला होता आणि पाण्याचा पत्ता नव्हता. अशात लातूरहून स्कूटरवर एक एजंट आला. पाण्याच्या टँकरची कंपनी निघालीय, शेअर घ्या, म्हणाला. ज्याच्या ओट्यावर आपण बसलोय त्या दुकानाच्या मालकानं, धोंडप्पानं, बायकोच्या सोन्याच्या पाटल्या मोडून शेअर घेतले. बायको म्हणजे महादेवी. आत गल्ल्यावर बसलीय ना, तीच. तिला आता कमी ऐकू येतं. निम्म्या बाजारपेठेनं घेतले. मी नाही घेतले. मला आधीच वास आला होता.

विहिरी आटत गेल्या तसा शेअर चढत गेला. भाव संध्याकाळच्या एसटीचा ड्रायव्हर सांगायचा. आणि ही माणसं काय करायची? विहीर आटली की पेढे वाटायची. ज्याची आटली त्याच्याच दारात उभं राहून. अजून मी पेढा तोंडात घालत नाही.

"विका आता. माझ्या पाटल्या परत आणा," महादेवी म्हणायची.

"थांब की जरा. नदी अजून ओली हाय," धोंडप्पा म्हणायचा.

मग गावात धोंडी निघाली. मजुरी करणारा मारोती अंगाला लिंबाचा पाला बांधून दारोदार फिरू लागला. धोंडीच्या डोक्यावर पाणी ओतलं की पाऊस येतो, एवढं सगळ्यांना माहीत. म्हणूनच शेअरवाल्यांनी पटापट कड्या लावल्या. एकानं तर आतूनच विचारलं, "काय घेशील अन् माघारी जाशील?" थू.

एकट्या महादेवीनं कडी लावली नाही. "पाटल्या जातील तुझ्या," धोंडप्पा ओरडत राहिला. तिनं घरातली शेवटची घागर मारोतीच्या डोक्यावर रिकामी केली.

दुपारी ढग आला. अख्खी बाजारपेठ झाकेल अशा म्हशीएवढा. शेअरवाले माळवदांवर चढले, थाळ्या बडवल्या, धोतरं फडकावली. मी खाली रस्त्यात उभा, किळस येऊन बघत होतो. ढग वेशीवर बिचकला आणि कानडीत शिव्या देत देगलूरकडं वळला. निलंग्यात थेंब पडला नाही.

गल्ल्यावर तूर निवडत असलेली महादेवी थांबली. काचेच्या बांगड्यांचे दोन्ही हात तिनं दारातून पुढं केले.

"नरसिंगमामा, खोटं बोलायलात. ढग वळला असता तर ह्या हातांत पाटल्या असत्या. अन् रस्त्यात कुठं उभे होता तुम्ही? तुमची थाळी अजून आमच्या माळवदावर पडून हाय."