बिजागरीखालची पट्टी

रुग्णवाहिकांच्या बॉड्या बांधणाऱ्या त्या कारखान्यात तपासणी तिच्याकडे होती आणि जोडणी तिच्या नवऱ्याकडे. तिच्या नजरेतून काही सुटायचं नाही. कारागीर पाठीमागे तिला 'भिंग' म्हणायचे.

त्या आठवड्यात सहा गाड्या तयार झाल्या. मागच्या दाराचा पत्रा ॲल्युमिनियमचा, बिजागऱ्या पोलादी. दोन्हींच्या मधे रबरी पट्टी हवीच. तिने एक बिजागरी खोलायला लावली. खाली काहीच नव्हतं.

"पट्टी कुठाय?"

"संपली," नवरा म्हणाला. "यायला पंधरा दिवस लागतील. वरून रंग बसलाय ना झकास!"

"रंगाखाली पाणी शिरलं की पोलादाला टेकलेलं ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मी सही करणार नाही."

"घरचा राग इथे काढू नकोस."

कारागीर फिदीफिदी हसले. ती तपासणीचा कागद कोराच ठेवून घरी गेली. सकाळी गाड्या फाटकाबाहेर गेलेल्या. "मालकांनी सोडल्या," नवरा म्हणाला. तिनेही फार खोदून विचारलं नाही. पुढे त्याचंच तिला सगळ्यात जास्त लागलं.

दोन वर्षांनी एक गाडी परत आली. बिजागरीभोवती रंगाला फोड, फोडांत पांढरी भुकटी, बोल्टांची भोकं कुरतडल्यासारखी मोठी झालेली. रुग्णाला उतरवताना दार निखळून परिचारकाच्या पायावर पडलं होतं. पाय कापावा लागला.

मालकाने फाइल मागवली. कागदावर तिची सही होती. मुलीच्या प्रगतिपुस्तकावर घाईच्या वेळी नवरा तिची सही ठोकायचा. ते वळण तिने लगेच ओळखलं.

"ही माझी नाही."

मालकाने नवऱ्याकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत म्हणाला, "तिचीच आहे, साहेब."

मालकाने तिला कामावरून काढलं. दुपारी तिने ओळखपत्र फाटकावर जमा केलं.

"खरं बोललो असतो तर दोघंही घरी बसलो असतो," तो घरी म्हणाला. "पोरीचं काय मग?"

"आणि त्या माणसाच्या पायाचं?"

तो ताटावरून उठला.

महिनाभरात कारखान्यात नियम निघाला: पट्टीशिवाय एकही बिजागरी बसवायची नाही. तपासणीही आता नवऱ्याकडेच आली. हे त्याने जेवताना सांगितलं, जरा छाती काढूनच. ती आपलं ताट उचलून मुलीच्या खोलीत गेली. त्या दिवसापासून तिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

आणि त्याला ते सोयीचंच पडलं.