कसं काय चाललंय, दोलेझलसाहेब?

चेक देशातल्या आमच्या काचगावात धड इंग्रजी येणारी मी एकटी, त्यामुळे काचभट्टीचा मालक दोलेझल माझ्याशिवाय परदेशी गिऱ्हाइकाशी बोलू शकत नाही. त्याच भट्टीचं दार कामाच्या वेळी आपोआप उघडलं आणि माझ्या भावाचा, रादिमचा, उजवा हात गेला. चौकशीत दोलेझलने शपथेवर सांगितलं, "दाराचा खटका ठणठणीत होता. पोरगा प्यायलेला होता." रादिमने त्या दिवशी बिअरला हातही लावला नव्हता. पण गावाने मालकाचं ऐकलं. तेव्हापासून रादिम पबात गेला की मालकीण व्लास्ता न विचारता त्याच्यापुढे लहान मुलांचा रासबेरी सोडा सरकवते, आणि सगळे हसतात.

तरीही मी दोलेझलची दुभाषी राहिले. लोक म्हणाले, हिला लाज कशी नाही. मी टपून बसले होते.

वसंतात लंडनहून लॉक्सलीबाई भट्टी विकत घ्यायला आल्या. पाहुणचारासाठी व्लास्ता पबातून हॅम आणि काकडीचे पाव घेऊन आली होती. दोलेझलचा जीव या सौद्यात अडकला होता; क्रोएशियात समुद्राकाठी त्याने घरही पसंत करून ठेवलं होतं. बाईंनी हात पुढे केला. "हाऊ आर यू?"

शाळेत पोरांना मी इंग्रजीच्या पहिल्याच तासाला बजावते, की हा प्रश्न नव्हे, इंग्रजांचा नमस्कार आहे. चेकमध्ये 'नमस्कार' म्हणा आणि मोकळे व्हा. कारण आमच्याकडे 'कसं चाललंय' विचारलं तर माणूस खरंच सांगत बसतो. 'उत्तम' म्हणणाऱ्याने काहीतरी लाटलं असणार, असंच आम्हाला वाटतं. इतकी वर्षं मी दोलेझलला नमस्कारच पोचवत आले.

त्या दिवशी मी म्हणाले, "बाई विचारतायत, कसं काय चाललंय तुमचं?"

"कसलं चालतंय!" दोलेझल खुर्चीत रेलला. "गुडघे कामातून गेलेत. छप्पर गळतंय. कारागीर एक नंबरचे आळशी. आणि ही भट्टी म्हणजे डोक्याला ताप! दाराचा खटका तर सासऱ्यांच्या काळापासून मोडका. तारेने बांधून रेटतोय, झालं."

मी प्रत्येक शब्द इंग्रजीत सांगितला, तारेसकट. बाईंचं हसू मावळलं. "हाऊ इंटरेस्टिंग," त्या म्हणाल्या. इंग्रज माणूस नकार असाच देतो, हेही मी पोरांना शिकवते.

"काय म्हणाली गं?" दोलेझलने विचारलं.

"फारच छान वाटलं म्हणाल्या."

"बघ! मनातलं बोललं की माणूस जिंकतो!" आणि त्याने स्लिवोवित्सा, आमची प्लमची दारू, ओतली.

व्लास्ता मात्र हातात तबक धरून दारातच थिजली होती. "तारेने?" ती पुटपुटली. "म्हणजे रादिम..." मी तिच्याकडे नुसतं बघितलं. पुढचं काम तिच्या जिभेवर सोपवून मी घरी गेले.

शुक्रवारी मी रादिमला पबात घेऊन गेले. व्लास्ताने त्याच्यापुढे फेसाळती बिअर ठेवली, तिचे डोळे भरले होते. कोणी हसलं नाही. तेवढ्यात दोलेझल आत आला. बाईंचा नकार दुपारीच पोचला होता. तो टेबलाशी बसला, आणि व्लास्ताने न विचारता त्याच्यापुढे रासबेरी सोडा सरकवला.

मी इतका गोड आवाज आयुष्यात कधी काढला नव्हता.

"कसं काय चाललंय, दोलेझलसाहेब?"

सगळा पब उत्तराची वाट बघत होता. त्याने मान खाली घालून सोड्याचा घोट घेतला.