बेटावरचा अबोला

दादाने वर्षभर माझा फोन उचलला नाही. एकदा बाजारात मी पाठीमागून घसा फोडून हाक मारली, तर पठ्ठ्या वळूनही न बघता सरळ निघून गेला. भाजीवाली गालातल्या गालात हसली. एवढा अपमान मी सासूकडूनही सहन केलेला नाही. शेवटी वहिनीकडे निरोप ठेवला, की एकदा काय तो सोक्षमोक्ष लावू, नाहीतर मला भाऊ नाही असं समजेन. उलट निरोप आला: बेटावरच्या बुद्धविहारात भेटू.

मी शिवणकाम करणारी बाई. ब्लाउज बेतावा तसं भांडण बेतून नेलं होतं, कुठे काय कापायचं ते सगळं ठरवून. पण दादा होडीतच भेटला, आणि इंजिन असं धडधडत होतं की बोलायची सोयच नाही. बेटावर उतरलो, तर विहाराच्या फाटकावर पाटी: आत बोलू नये. वा रे वा, मी मनात म्हटलं, जागा बरी शोधलीस.

विहार शेकडो वर्षांचा. पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. खाऱ्या वाऱ्याने बुद्धाचं नाक पार गुळगुळीत करून टाकलेलं, चेहरा मात्र शांत. माझं डोकं तापलेलंच होतं. दादा पुढे, मी मागे, अशी प्रदक्षिणा चालली होती. एका शेवाळलेल्या दगडापाशी त्याने न बघताच हात मागे केला, लहानपणी करायचा तसा. मी रागारागाने तो धरला.

तेवढ्यात भिक्खूंनी आमच्या मागची मोठी घंटा वाजवली. मी दचकून उडालेच. खांबांवरची कबुतरं फडफडत बाहेर गेली. माझ्या हातातला दादाचा हात मात्र जराही हलला नाही. तो आपला छताची नक्षी बघत उभा.

जन्मभर त्याने कारखान्यात पत्र्याची पिंपं ठोकली होती. मला सगळं एकदम कळलं, आणि डोळे भरून आले.

फाटकाबाहेर येताच मी त्याच्यासमोर उभी राहिले. "कधीपासून?"

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. "हळूहळू जात होतं. आता गेलंच. लोक हाका मारतात, मला ऐकू येत नाही, मग चिडतात. फोन घेऊन करू काय? इथे आत कोणीच बोलत नाही. तू आणि मी सारखेच. म्हणून इथे बोलावलं."

परतताना इंजिन पुन्हा धडधडायला लागलं आणि होडीतले सगळे गप्प झाले. मी दादाच्या समोरच्या फळीवर गुडघ्याला गुडघा लावून बसले, आणि ओठ नीट हलवत, बेतून आणलेलं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत भांडले. वर आणखी एक कलम घातलं, की बहिणीपासून लपवतोस म्हणजे काय. शेजारच्यांना एक अक्षर ऐकू गेलं नाही. दादा मध्येच मान खाली घालायचा, की मी हनुवटी धरून वर करायचे.

"जरा हळू," तो म्हणाला. "मधली एक शिवी निसटली."

मी ती पुन्हा दिली, सावकाश.