काकूंचा हात बघायचा राहिला

मित्रांनो, मी एक जुना बीपीचा पट्टा आहे. रंग विटलाय, रबर थकलंय, पण भरलेली हवा अजून धरून ठेवतो. दंड आवळायचा आणि आकडा सांगायचा, एवढंच आपलं काम, असं मला आधी वाटायचं. मग मी गळ्याच्या ऑपरेशनच्या वॉर्डात आलो आणि मोठ्या सिस्टरांनी माझे डोळे उघडले.

थायरॉइडची गाठ काढताना तिच्या मागच्या डाळीएवढ्या ग्रंथींना कधीकधी धक्का लागतो. मग रक्तातलं कॅल्शियम उतरतं. ओठांना, बोटांना मुंग्या येतात आणि वेळीच कॅल्शियम दिलं नाही, तर श्वाससुद्धा अडतो. म्हणून सिस्टर आल्या की आधी पेशंटला बोलतं करायच्या, आवाज बसलाय का ते ऐकायच्या. मानेखाली हात घालून रक्त लागतं का बघायच्या. मग मला दंडावर फुगवून दोन-तीन मिनिटं तसाच ठेवायच्या आणि पेशंटच्या हाताकडे बघत बसायच्या. कॅल्शियम कमी असलं की मनगट वाकायचं, अंगठा आत वळायचा. असे कितीतरी हात मी वेळेवर पकडून दिले. तेव्हा माझा रुबाब काय विचारता!

पुढे चाकांवरचं नवं मशीन आलं. बटण दाबलं की आकडा हजर, पट्टा लगेच सैल. खाटा वाढल्या, सिस्टर मात्र तेवढ्याच राहिल्या. मी भिंतीवरच्या खिळ्याला धूळ खात लटकत राहिलो.

त्या खिळ्याखालच्या खाटेवर एक काकू आल्या. घरी कपडे शिवायच्या. मला हातात घेऊन म्हणाल्या, "अगंबाई, याची शिवण उसवलीय की!" पिशवीतला सुईदोरा काढून त्यांनी मला टाके घातले आणि सिस्टरांना म्हणाल्या, "आज मी घालतेय, उद्या तुम्ही मला घाला. फिटंफाट!" सगळा वॉर्ड हसला. मला तर भरूनच आलं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी काकू नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, बोटांना मुंग्या येतायत. ओठपण बधिर वाटतायत."

"जन्मभर कात्री चालवलीस, मुंग्या येणारच," काका म्हणाले. "पड जरा."

सिस्टरांनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नव्या मशीनचा आकडा चांगला होता, तरी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, काकूंच्या दंडाला गुंडाळलं. रबरी फुगा हातात घेतला, तेवढ्यात समोरच्या खाटेवरून आरडाओरडा झाला. तिथल्या पेशंटची मान रक्त साचून सुजत होती. "आलेच मी," म्हणत सिस्टर धावल्या. तो पेशंट वाचला, हेही सांगायला हवं.

इकडे मी काकूंच्या दंडावर रिकामाच होतो. हवा भरायला कुणी नव्हतं. थोड्या वेळानं दंडाची शीर न् शीर ताठ झाली. मी फुगवलेला नसतानाही त्यांचं मनगट वाकलं, अंगठा आत वळला. काका एकेक बोट धरून सरळ करत होते, चोळत होते. ते पुन्हा वळत होतं. मग काकूंचा घसा आवळला. समोरचं आटोपून सिस्टर धावत आल्या, डॉक्टर आले, कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. काकू गेल्या.

"सिस्टर, मुंग्या येऊन कुणी मरतं का हो?" काकांनी विचारलं. सिस्टर मला सोडवत होत्या.

नंतर जुनं सामान न्यायला माणूस आला. "हा पट्टा वापरता का?"

सिस्टरांनी काकूंच्या टाक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "नाही. वेळच मिळत नाही."

आता मी भंगाराच्या पोत्यात आहे. मित्रांनो, माझं सोडा, मी रबर आणि कापड. पण घरचं कुणी गळ्याचं ऑपरेशन होऊन पडलं असेल आणि मुंग्या येतात म्हणालं, तर त्याची समजूत घालू नका. सिस्टरांना बोलवा, डॉक्टरांना बोलवा, कुणी येईपर्यंत ओरडत राहा. काकांनी एकदाही हाक मारली नाही. सिस्टर कामात होत्या, त्यांना कशाला त्रास द्यायचा, असं त्यांना वाटलं.