समोरचा फोटो

नाक सरळ करा, असा खात्याचा निरोप आला आणि माझं डोकंच फिरलं. अहो, माणसाचं नाक वाकडं होतं! लहानपणी चेंडू लागून वाकडं झालेलं. तेच नाक घेऊन हा डॉक्टर परक्या देशात साथीशी झुंजायला गेला आणि तिथेच वारला. त्याची आठवण म्हणून आपलं सरकार त्या देशाला त्याचा ब्राँझचा अर्धपुतळा भेट देणार. करणारी मी. आणि नाक कसं असावं हे ठरवणार कोण, तर ज्याने डॉक्टरला जन्मात पाहिलं नाही असा एक अधिकारी.

"बाई, दोन देशांच्या मैत्रीची भेट आहे," तो फोनवर म्हणाला. "किरकोळ सुधारणा."

त्याच्या किरकोळ सुधारणांनी दोन महिने माझ्या नाकी नऊ आणले. चष्मा काढा. हनुवटी उचला. थोडं हसू द्या, पण दात नकोत. मी मातीत चेहरा घडवायचा, फोटो पाठवायचा, त्याने त्यावर लाल गोल काढून परत पाठवायचा. भांडले, पत्रं लिहिली, "या, तुम्हीच लिंपा" असंही सुनावलं. उत्तर एकच: मान्यता नाही तर ओतकाम नाही. शेवटी मूग गिळून कोरणी उचलली. चेहरा असा गुळगुळीत झाला की विम्याच्या जाहिरातीत खपून जावा.

मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं ते डॉक्टरच्या आईमुळे. अगदी सुरुवातीला, माती ओली असताना, ती काठी टेकत माझ्या कारखान्यात आली होती.

"हे गुडघे घेऊन मी कुठली तिकडे जातेय," ती म्हणाली होती. "पेटीत घालायच्या आधी एकदा बोलव हं मला. धाकट्याला बघायचंय."

धाकटा म्हणजे डॉक्टर. मी शब्द दिला. मग ती मातीच्या डोक्यामागे गेली. "इथे दोन भोवरे होते. दोन बायका करशील म्हणून चिडवायचो. आणि इथे खोक. जिन्यावरून पडला, पाच टाके." बोलता बोलता तिने जागा दाखवायला मातीत अंगठा दाबला.

पेटी भरायच्या दिवशी मी तिला बोलावलं. अधिकारीही फोटोग्राफर घेऊन आला होता. ती पुतळ्यासमोर उभी राहिली. बराच वेळ पाहत राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. बेचव जेवण झाल्यावर पाहुणे म्हणतात ना, तसं. मग माझा हात धरून, "दमलीस ना गं फार?"

मला रडूच कोसळायचं बाकी होतं. "माफ करा, आई. जरा मागे या."

कारण मान्यतेच्या फॉर्मवर फोटोला चौकोन एकच होता, समोरचा. मागची बाजू कुणी मागितली नाही, मीही दाखवली नाही.

तिने काठी माझ्याकडे दिली. बोटं भोवऱ्यांवरून फिरली, खाली सरकली आणि खोकेपाशी थांबली. तिथे अंगठा बरोब्बर बसला. तिचाच होता तो ठसा, मी त्याला हातसुद्धा लावला नव्हता.

"अगं बाई! आला की गं हा," ती म्हणाली. आणि डोळे पुसत त्या डोक्यावर एक हलकीच टपली मारली. "मेल्या, किती घाबरवलं होतंस तेव्हा."

अधिकारी वाकून बघायला लागला. "हे मान्य नमुन्यात नव्हतं, बाई." मग स्वतःचीच समजूत घातली, "असू दे. तिकडे कोनाड्यात बसवणार आहेत. मागून कोण बघतंय?"

आईने मान वळवली. "म्हणजे हे कुणालाच दिसणार नाही?"

"नाही आजी. मागे भिंत आहे."

माझ्या तोंडून काय निघालं असतं देव जाणे, पण तिने हातानेच मला गप्प केलं.

"मग थांबा जरा," ती म्हणाली. "माझं बघून होऊ दे."

"आजी, समोर या ना, फोटो घ्यायचाय," फोटोग्राफर म्हणाला. ती हलली नाही. अधिकाऱ्याने घड्याळ पाहिलं, गाडी खोळंबली आहे म्हणून सांगितलं, आणि हमालांना झाकण उचलायची खूण केली.

मी जाऊन त्या झाकणावर फतकल मारून बसले. म्हटलं, "आता उचला बघू."