लेबलं फायलीत, बाटल्या फळीवर

माझे दाजी चौतीस वर्षं एका कचेरीच्या दफ्तरखान्यात होते. भिजलेल्या कागदाइतकं दुःख त्यांना कशाचंच झालेलं मी पाहिलेलं नाही. आमची आई गेली तेव्हाही नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागे टोमॅटो लावले. पहिलंच पीक, आणि गिऱ्हाईकही ठरलेलं: मुलींच्या वसतिगृहाची स्वयंपाकीणबाई शनिवारी सकाळी सातला टेम्पो घेऊन येणार होती. मुली टोमॅटो कच्चेच खातात, हे तिने दोनदा बजावलं होतं.

शुक्रवारी दुपारी ताईचा फोन आला. "आत्ताच्या आत्ता ये. तू शिकलेला आहेस."

हा गैरसमज आमच्या घरात फार जुना आहे. गेलो.

अवजारांच्या खोलीत फळीवर फवारणीच्या औषधाच्या तीन तपकिरी बाटल्या. शेजाऱ्याने शेती सोडताना दिलेल्या, तिन्ही अर्ध्यामुर्ध्या, तिन्ही सारख्या. अंगावर कागदाचा कपटा नाही. दाजी फाइल घेऊन बसलेले.

"लेबलं कुठायत?"

"सुरक्षित आहेत," दाजी म्हणाले. "फवारताना भिजली असती. म्हणून सोडवली, वाळवली, प्लॅस्टिकच्या खिशात घातली. अनुक्रमांकासह."

मी भिंग लावून वाचू लागलो. एकवर विषाची तीव्रता सांगणारा पिवळा त्रिकोण. टोमॅटोवर फवारल्यास दहा दिवस तोडणी करू नये. दोनवर निळा, तीन दिवस. तीनवर लाल, आणि पिकांच्या यादीत कापूस सोडून दुसरं काही नाही.

"फवारलं कधी?"

"सोमवारी."

"उद्या पाच दिवस होतील. पण कुठलं फवारलंत?"

दाजींनी नोंदवही उघडली. 'सोमवार, सकाळी नऊ. अनुक्रमांक दोन.' "दोन म्हणजे निळा. तीन दिवस कधीच झाले. विषय संपला."

"दाजी, क्रमांक लेबलावर आहे. बाटलीवर कुठाय?"

"बाटलीवर कशाला? फळीवर डावीकडून ओळीने होत्या."

"सोमवारी मी बाटल्या उतरवून फळी पुसली," ताई दारातून म्हणाली.

मी तिच्याकडे वळलो.

"फवारणीच्या आधी की नंतर?"

"पुसली, एवढं आठवतंय. आता फडकं मारल्याची वेळ पण लिहून ठेवायची का, अहो?"

"ठेवायला हवी होती," दाजी अगदी मनापासून म्हणाले, आणि एका बाटलीचं झाकण धरलं. "वासावरून ओळखतो."

ताईने हातावर चापट मारली. "हुंगू नका म्हणून तिन्ही लेबलांवर लिहिलंय. वाचलंत ना?"

"वाचलं. दुसरं पान."

शेवटी शेतीच्या औषधांच्या दुकानदाराला फोन लावला.

"सोपं आहे साहेब, बाटलीवरचं लेबल वाचा."

"लेबल फायलीत आहे."

"मग फवारलं काय, फाइल?" त्याला हसू आवरेना. मग आवाज बदलला. "बाटल्या उघडू नका, बंदच इकडे आणा. आणि काय फवारलंय ते माहीत नसेल तर टोमॅटो कुणाला खायला घालू नका."

दाजींनी खिडकीतून पाहिलं. बाहेर टोमॅटो लाजिरवाणे लाल झाले होते. "तिनातली एक शक्यता तरी आपल्या बाजूची आहे," ते हळूच म्हणाले.

"उरलेल्या दोन त्या पोरींच्या ताटात जातील," ताई म्हणाली.

दाजींनी नोंदवही मिटली.

मी त्या रात्री तिथेच राहिलो. सकाळी सातला टेम्पो आला. दाजी उजाडल्यापासून वाफ्यात होते. प्रत्येक रोपाला त्यांनी फायलीच्या पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीने बांधला होता. त्यावर वळणदार अक्षरात 'तोडू नये', खाली सही.

"अगंबाई! किती दिवस तोडायचे नाहीत?" स्वयंपाकीणबाईने विचारलं.

"तीन, दहा, किंवा कधीच नाही."

"म्हणजे नक्की किती?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. मी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "म्हणजे आज तरी नाही. बाई, तुम्ही दुसरीकडून घ्या."

बाईने एक पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला. "आणि पाऊस आला म्हणजे? हे तर भिजून जाईल."

दाजी गोंधळले. इतकं गोंधळलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"भिजू दे," ते शेवटी म्हणाले. "पण राहू दे तिथेच."